चष्मा लागलेली भिंत

४ मार्च

गप्पू,

फोन तू उचलत नाहीस, तेव्हा लिहितोय. तीनदा सुरुवात केली. तिन्ही सुरुवाती छान जमल्या, म्हणून फाडून टाकल्या. आता आधी कामाचं लिहितो.

धाकटीचं सामान उद्या तिच्या माहेरी, तुझ्या मेहुण्याकडे निघेल. तिचे कपडे, जाड शाल, दवाखान्याचे जुने कागद आणि तुझी नकाशाची पेनं. तुझ्या वहिनीने सगळं बांधलं, मी नुसती सुतळी धरली. धाकटीची टपालाची पिशवी तुमच्या दारामागे खुंटीवर आहे. ती पाठवायची की नाही ते कळेना. वहिनी म्हणाली, "नको. बघून तिला काय वाटेल?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि नाही पाठवली तर काय वाटेल?" पिशवी अजून खुंटीवरच आहे. धाकटीच्या भागात आता दुसरा माणूस टपाल वाटतो. आपल्या तिन्ही मजल्यांची पत्रं तो खालीच एका दारात टाकून जातो. वर यायला घाबरतो.

इमारतीचं असं आहे. मागच्या गॅलरीचा पडलेला कोपरा नगरपालिकेच्या माणसांनी उचलून नेला. उरलेली गॅलरी जागेवरच आहे. वरच्या मजल्यांच्या मागच्या दारांवर त्यांनी आडव्या फळ्या ठोकल्या आणि 'दार उघडू नये' असे कागद चिकटवले. पूर्ण तपासणीला तीन महिने लागतील म्हणाले. तोवर इथे राहायचं की गावाबाहेरच्या तात्पुरत्या खोल्यांत जायचं, ते रहिवाशांनी आपसात ठरवावं. म्हणजे पुन्हा सभा.

धाकटीची खबर तुझ्या मेहुण्याकडून कळते. पाय गुडघ्याखाली काढावा लागला, हे त्याने मला शाळेत फोन करून सांगितलं. सातवीचा तास चालू होता. 'श्रोत्यांना आपलंसं कसं करावं', हा धडा. मी बाहेर जाऊन फोन घेतला, आत आलो आणि उरलेली वीस मिनिटं शिकवलं. चांगलं शिकवलं. मुलं हसली, प्रश्न विचारले.

त्या सकाळबद्दल मी काही लिहिणार नाही. तू तिला ढिगाऱ्यातून काढत होतास आणि मी वर दारात उभा होतो, एवढं आपल्या दोघांनाही माहीत आहे.

नोव्हेंबरच्या सभेबद्दल मात्र एक सांगायचंय. मी तुझ्याविरुद्ध बोललो नव्हतो. मी म्हाताऱ्या माणसांसाठी बोललो होतो. दुरुस्तीसाठी आठ महिने घर सोडून त्यांना कुठे नेणार, एवढाच माझ्यासमोर प्रश्न होता. हे तू मानावंस.

दादा


१६ मार्च

गप्पू,

उत्तर आलं नाही. सामान पोचल्याचं मेहुण्याने कळवलं.

काल सभा झाली. गच्चीवर नाही, खाली अंगणात. गच्चीवर जायला कुणी तयार नव्हतं, आणि तरी सगळे म्हणत होते की इमारतीला काही झालेलं नाही. चौदाही घरं आली होती. चौदा म्हणजे तुमचं धरून, तुमच्या वतीने वहिनी बसली होती.

मी ठरवून गेलो होतो. अध्यक्षांनी सुरुवात करायच्या आधीच उभा राहिलो आणि म्हणालो, मला एक कबूल करायचंय.

नोव्हेंबरमध्ये मी काय केलं ते सगळ्यांसमोर उलगडून सांगितलं. म्हणालो, माझ्या भावाने चार पानं वाचली. भेग वाढतेय का ते कळावं म्हणून कोणत्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवली, कोणती पट्टी किती दिवसांत तडकली, गॅलरीखालचं लोखंड कुठे गंजलं, हे सगळं त्यात होतं. तो नकाशे काढणारा माणूस, त्याला मोजता येतं, बोलता येत नाही. आणि मी उठलो. पहिलं वाक्य म्हणालो, "माझा भाऊ सांगतोय ते अक्षरन् अक्षर खरं आहे." असं म्हटलं की ऐकणारा सैल होतो, मुलांना मी हेच शिकवतो. मग म्हणालो, "त्याने भिंतीला काच लावलीय. म्हणजे थोडक्यात काय, भिंतीला चष्मा लागलाय. अहो, या वयात चष्मा कुणाला लागत नाही?" तुम्ही हसलात. तिथेच त्याची चार पानं संपली. पुढे मी तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं नाव घेतलं, शिलाईवाल्या काकूंच्या अंथरुणावरच्या सासूबाईंचं घेतलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "यांना उचलून न्यायला कोण तयार आहे? हात वर करा." अशा प्रश्नाला कुणीच पहिला हात वर करत नाही. हे मला आधीच माहीत होतं, म्हणूनच मी विचारला.

हे सगळं मी काल असंच सांगितलं. मग म्हणालो, "तुम्हाला मी फसवलं असं म्हणणार नाही. मी तुम्हाला हसवलं. आणि माझ्या भावाच्या बायकोचा पाय गेला."

इथे मी थांबलो. गप्पू, मला खरंच पुढे बोलवेना, म्हणून थांबलो. पण थांबलेला मीच, तेव्हा ती जागाही बरोबर निघाली. शिलाईवाल्या काकू रडायला लागल्या. आजोबांनी उठून माझा हात धरला. आणि मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

अध्यक्ष म्हणाले, "सरांचं मन किती मोठं आहे ते आज आपण पाहिलं." ते म्हणाले, अशा माणसाने स्वतःला दोष देऊ नये, दोष गंजलेल्या लोखंडाचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ओरडून म्हणालो, "दोष माझाच आहे." त्यावर आणखी दोघी रडल्या.

मग आठवडाभर बोलून ठरवू असं म्हणून सभा उठली. जाताना लोक माझ्या पाठीवर हात ठेवून जात होते. पहिल्या मजल्यावरच्या रंगाऱ्याने तर सांगितलं, "सर, असं भाषण आयुष्यात ऐकलं नाही."

वहिनी घरी आल्यावर भांडी घासत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "तुम्हाला शिव्या खायला जायचं होतं ना?"

"हो."

"मग नीट कपडे कशाला घातलेत?"

मी बघितलं तर अंगात शाळेच्या समारंभाचा शर्ट होता. कधी घातला ते आठवेना.

दादा


१ एप्रिल

गप्पू,

तुझी मोजमापाची वही सापडली. तुमच्या घरातले नळ बंद आहेत का ते बघायला गेलो होतो, ती टेबलाच्या खणात होती. परवानगी न घेता उघडली.

मला वाटलं होतं त्यात नुसते आकडे असतील. ते आहेतच. पण प्रत्येक पट्टीशेजारी तू ते घर आणि त्या घरात कोण झोपतं ते लिहिलंयस. 'घर ३, शिलाईवाल्या काकूंची मागची भिंत, शेजारी सासूबाईंचा पलंग.' 'घर ५, अध्यक्षांकडे, खाली मुलींची अभ्यासाची जागा.' मग ही माणसं तू सभेत का नाही सांगितलीस? तू फक्त मिलिमीटर वाचलेस.

मी आता रोज सकाळी शाळेत जायच्या आधी तुझ्या वहीप्रमाणे सात पट्ट्या बघतो. मापं सोबत लिहिली आहेत. तिसऱ्या घरातली पट्टी आरपार तडकली आहे आणि दोन तुकड्यांमध्ये आता नख जातं. पाचव्या घरातली सोमवारी अख्खी होती, काल नव्हती. बाकीच्यांवर केसाएवढी रेघ आहे किंवा माझ्या डोळ्यांचा दोष आहे. मी हे बरोबर मोजतोय का ते मला माहीत नाही. पट्टीला बोट लावू नये असं तू पहिल्या पानावर लिहिलंयस, ते पाळतो.

याचा अर्थ काय, एवढं कळव. मला नको लिहूस. नुसता अर्थ लिही.

लोकांनी मागच्या दारांच्या फळ्या काढायला सुरुवात केली आहे. कपडे कुठे वाळत घालायचे म्हणतात. अध्यक्ष सगळ्यांना सांगत फिरतात की किडका दात होता तो पडला, आता तोंड निरोगी आहे. ही उपमा माझी नाही. पण धाटणी माझी आहे, हे ऐकताक्षणी कळलं.

दादा


११ एप्रिल

गप्पू,

तुझं कार्ड मिळालं. "तीन आणि पाच आजच रिकामी करा. बाकीच्यांनी महिन्याच्या आत." एवढंच. सही नाही, पण अक्षर तुझं. कार्ड हातात घेऊन मी बराच वेळ जिन्यात बसलो होतो. पाच आठवड्यांनी तुझा शब्द आला आणि तो माझ्यासाठी नव्हता. ते बरंच आहे.

त्याच संध्याकाळी तिसऱ्या घराचं दार वाजवलं. ठरवलं होतं की भाषण करायचं नाही. कार्ड दाखवायचं आणि मापं सांगायची.

काकू शिलाईला बसल्या होत्या. मशीन थांबवून त्यांनी कार्ड वाचलं, उलटून पाहिलं आणि परत दिलं.

"सर, बसा. तुम्ही फार मनाला लावून घेतलंय."

"काकू, पट्टी तडकलीय. नख जातं आत. सासूबाईंचा पलंग त्याच भिंतीला आहे."

"मग पलंग सरकवते."

"पलंग नाही, घर सोडायचंय."

काकू हसल्या. अगदी मायेने हसल्या. म्हणाल्या, "तुम्हीच नाही का म्हणालात, या वयात चष्मा कुणाला लागत नाही? चष्मा लागला म्हणून कुणी घर सोडतं का?"

मी म्हणालो, ते मी चुकीचं बोललो होतो, मागच्या सभेत कबूलसुद्धा केलं.

"केलंत की. किती मनापासून केलंत. पण ते तुम्ही दुःखात बोललात. नोव्हेंबरात बोललात ते शांत डोक्याने बोलला होतात."

पलंगावरून सासूबाईंनी विचारलं, कोण आलंय. काकूंनी मोठ्याने सांगितलं, "सर आलेत, आपल्याला कुठेही जावं लागू नये म्हणून भांडले होते ना, ते." म्हातारीने अंथरुणातून दोन्ही हात जोडले. गप्पू, मी उठून आलो.

अध्यक्षांकडे तर मी आकड्यांनीच सुरुवात केली. तेवढ्यात त्यांच्या थोरलीने आतून विचारलं, "काका, तुमचा आवाज बसलाय का?" मी तुझ्यासारखा बोलत होतो. मान खाली, एकेक आकडा. माझ्या लक्षात आलं तसा मी आवाज उचलला, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं काहीतरी सांगायला लागलो, तर अध्यक्ष म्हणाले, "हां, आता कसे तुम्ही तुमच्यासारखे वाटता." आणि मान डोलवत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पटतंय सर. पण मुलींच्या परीक्षा आहेत."

चार दिवसांत बारा दारं झाली. फक्त रंगारी जायला तयार आहे, आणि त्याचं कारण त्याच्या सासऱ्यांकडे खोली रिकामी झाली हे आहे.

दादा


२१ एप्रिल

गप्पू,

आज तुला काहीतरी मागणार आहे. ते मागण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मागण्याचा मला अधिकारच नाही. सांगितल्यावरही नसेल.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, मी म्हाताऱ्या माणसांसाठी बोललो. ते खोटं आहे. म्हातारी माणसं मला वाक्याला हवी होती. आजोबांच्या घरी मी त्याआधी दोन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

सभेच्या दुपारी तू चार पानं घेऊन माझ्याकडे आलास. मी जेवून आडवा झालो होतो. तू दारात उभा राहून म्हणालास, "दादा, जरा नीट करून दे. मला लोकांसमोर बोलता येत नाही." मी उठून बसलो आणि चारही पानं वाचली. वाचता वाचता मला भीती वाटली, इतकं ते स्वच्छ लिहिलेलं होतं. गॅलरीचा कोणता कोपरा आधी जाईल तेही तू लिहिलं होतंस. तोच गेला.

मी तुला काय सांगितलं ते तुला आठवत असेल. "यात एक अक्षर बदलू नकोस. आकड्यांनी सुरुवात कर, लोक आकड्यांना मान देतात. सगळे वाच, एकही गाळू नकोस. आणि कागदावरून मान वर करू नकोस, म्हणजे अडखळणार नाहीस." तू 'बरं' म्हणालास आणि गेलास.

सातवीतल्या कच्च्यात कच्च्या मुलालासुद्धा मी असं कधी सांगितलं नसतं.

त्या दिवशी सकाळीच अध्यक्ष शाळेच्या फाटकाशी येऊन गेले होते. म्हणाले, "सर, संध्याकाळी दोन शब्द बोला, नाहीतर लोक घाबरून जातील." मी हो म्हणालो होतो. तू दुपारी आलास तेव्हा मला हे सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. तू आकडे वाचत असताना लोक कसे चुळबुळतील, मग मी कुठे उठेन आणि हशा कुठे येईल, हे मला तुझी पानं हातात असतानाच दिसत होतं. मला तो हशा हवा होता. तुझ्याशी माझं काही वैर नव्हतं. घर सोडावं की नाही यावर माझं काही मतसुद्धा नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण याहून मोठं कारण शोधलं तर ते पुन्हा रचलेलं होईल.

आता मागणं.

येत्या रविवारी शेवटची सभा आहे. कागदावर मत होणार. मी सगळे उपाय करून बसलोय. हसवून झालं, रडवून झालं, तुझे आकडे वाचून झाले. एकच गोष्ट उरली आहे जिच्यापुढे कुणाचं काही चालणार नाही. धाकटी आली आणि नुसती अंगणात बसली, तर चौदाच्या चौदा घरं सामान बांधतील. तिने एक शब्द बोलायची गरज नाही. कुठली खुर्ची, तिचं तोंड कुठे असावं, लोक आल्यावर तिने यावं की आधीच बसलेलं असावं, हे सगळं माझ्या डोक्यात आपोआप तयार आहे. मी ते तयार केलं नाही. ते येतंच. आणि ते आलं म्हणून मला स्वतःची किळस येते. तरीही मी विचारतोय, कारण तिसऱ्या घरात म्हातारी त्या भिंतीला डोकं लावून झोपते.

हे बरोबर आहे की चूक, ते मला खरंच कळत नाही. तू ठरव. किंवा तिला ठरवू दे.

दादा


२५ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र ह्यांनी वाचून माझ्या हातात दिलं आणि बाहेर निघून गेले. म्हणून मीच लिहिते. माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

मी येणार नाही. येऊ शकते, कुबड्यांवर दारापर्यंत जाते मी आता. पण येणार नाही. मी आले तर सगळे रडतील. रडून झालं की माझ्यासाठी चहा करतील, माझी चौकशी करतील आणि वर जाऊन झोपतील. मी त्यांना बारा वर्षं पत्रं दिली आहेत, मला ती माणसं माहीत आहेत. वाईट नाहीत. आणि ते नाही गेले, तर भाऊजी, मी पुढे रोज म्हणणार की माझा पाय बघूनही नाही गेले. ते ओझं मला नको.

सभेच्या दुपारी ह्यांना काय सांगितलंत ते मला माहीत होतं. ते घरी येऊन म्हणाले होते, दादा म्हणतो आकड्यांनी सुरू कर. खुश होते. मी म्हटलं, मला नाही पटत, आधी सासूबाईंच्या पलंगाचं सांगा. ते म्हणाले, दादाला यातलं जास्त कळतं.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. तुमच्या चष्म्याच्या वाक्यावर मीही हसले होते. शेवटच्या रांगेत, जोरात. ह्यांनी कागदावरून मान वर केली ती तेव्हाच, आणि त्यांना समोर हसताना दिसले ती मी. हे आम्ही दोघं अजून बोललेलो नाही. त्यामुळे ते तुमच्यावर जेवढे रागावले आहेत असं तुम्हाला वाटतं, तेवढे नाहीत. ते कुणाकडेच बघत नाहीत.

पिशवी खात्याची आहे, ती टपाल कचेरीत जमा करा. वहिनींना नमस्कार.

धाकटी


१२ मे

गप्पू,

धाकटीचं पत्र मिळालं. त्याला उत्तर लिहायला बसलो होतो, पण लिहिलं नाही. पिशवी मी स्वतः जमा केली आणि पावती घेतली. ती सोबत आहे.

सभा झाली. मी बोललो नाही. अध्यक्षांनी दोनदा आग्रह केला. लोकांनी माना वळवून वाट पाहिली. मी फक्त तुझी वही समोर ठेवली आणि म्हणालो, ज्याला बघायची त्याने बघावी, त्यात प्रत्येकाच्या घराचं पान आहे. रंगाऱ्याने बघितली. काकूंनी चष्मा आणलेला नव्हता. अध्यक्षांच्या थोरलीने आपलं पान उघडलं आणि ती बराच वेळ वाचत राहिली, पण तिला मत नाही.

नऊ विरुद्ध पाच. राहायचं ठरलं. पाचमधली दोन मतं आपली, तुमची आणि आमची. नगरपालिकेची तपासणी आणखी पुढे गेली आहे, तारीख दिलेली नाही. मी तीन अर्ज केले. तिथला कारकून म्हणाला, "अर्ज फार सुंदर लिहिता हो तुम्ही," आणि तो गठ्ठ्यात खाली ठेवला.

आम्ही दोघं गेल्या आठवड्यात तात्पुरत्या खोल्यांत आलो. खोली बरी आहे, नळ सामायिक आहे. तुमच्या घराला कुलूप लावून किल्ली वहिनीकडे ठेवली. रंगारी सासऱ्यांकडे गेला. आणखी एक घर, दुसऱ्या मजल्यावरचं नवीन जोडपं, काही न सांगता गेलं. बाकीची दहा घरं तिथेच आहेत. काकूंनी पलंग सरकवला. पण सासूबाईंना खिडकीतून दिसेना म्हणून पुन्हा होता तिथे ठेवला.

शाळेला सुट्टी लागली आहे. चार दिवसांपूर्वी मी पट्ट्या बघायला गेलो होतो, तेव्हा मागच्या अंगणात गॅलरीखाली विटेएवढा तुकडा पडलेला दिसला. रात्रीतून पडला असावा. तिथूनच लोक दुकानाकडे जातात, मुलं चेंडू खेळतात. मी एक दोरी बांधली. संध्याकाळी कुणीतरी तिच्यावर कपडे वाळत घातले होते.

तेव्हा आता मी एक खुर्ची घेऊन तिथे बसतो. सकाळी सात ते अंधार पडेपर्यंत. वहिनी डबा आणून देते आणि तासभर तीही बसते. लोकांना आधी वाटलं मी कुणाची वाट बघतोय. अध्यक्ष म्हणाले, "सर, शोभत नाही तुम्हाला." मी त्यांनाही पलीकडच्या कुंपणाच्या कडेने जायला लावलं.

दिवसभरात मी फक्त एकच वाक्य बोलतो. "इकडून नको, तिकडून जा." पहिल्या दिवशी त्याला कारणं जोडत होतो, तेव्हा लोक थांबून ऐकत उभे राहायचे. नेमके गॅलरीखालीच. आता कारणं देत नाही. हात पसरून उभा राहतो आणि तेवढंच म्हणतो. बरेच जण तिकडून जातात. काही जण जात नाहीत.

दादा